घोरपड, दोर आणि भिंतीतला खिळा

नमस्कार,

तानाजीचे मावळे घोरपडीला बांधलेल्या दोरावरून सिंहगडाचा कडा चढले, या कथेवर शंका घेणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'मुंबईत पंख्याखाली बसून सात किलोची घोरपड साठ किलोचा मावळा पेलणार नाही म्हणणं सोपं आहे. भिंतीतल्या खिळ्याचं वजन किती असतं, साहेब? इतिहासाची चेष्टा करायचीच असेल तर दुसरा विषय बघा.' पुढची दोन विशेषणं सोडून देतो.

खिळ्याचा मुद्दा बिनतोड आहे. मी वजनाशी वजन तोललं, ते साफ चुकलं. प्रश्न पकडीचा आहे. घोरपड कपारीत शिरून अंग फुगवते आणि दोन्हीकडच्या दगडांत स्वतःला घट्ट रुतवते. म्हणून गणित पुन्हा मांडलं. साठ किलोचा माणूस लोंबकळला की ताण सुमारे ५९० न्यूटन. कातडी आणि दगड यांचा घर्षणांक (दाबाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा) सढळ हाताने ०.५ धरला, तर तिला दोन्ही भिंतींवर तेवढाच जोर लावावा लागेल; म्हणजे साठ किलोचं ओझं अंगाने रेटून धरायचं. तेही माणूस निवांत लोंबकळला तर. चढणारा हिसके देतो, तेव्हा ताण आणखी वाढतो.

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट, जी तुम्हीही मांडली नाहीत. भाऊच्या धक्क्यावर रेवसची लाँच लागते तेव्हा खलाशी लोखंडी खुंटाला दोराचे वेढे मारतो आणि मोकळं टोक एका हाताने धरून उभा राहतो. जोर खुंटावरचं घर्षण खातं, आणि प्रत्येक वेढ्याला ते पटीत वाढतं. घर्षणांक ०.३ असेल, तर दोन पूर्ण वेढ्यांत ताण ४३ पटीने उतरतो. म्हणजे वरच्या एखाद्या झाडाला दोन वेढे बसले, तर घोरपडीच्या वाट्याला जेमतेम दीड किलो येतो. तेवढं ती आरामात धरेल!

अडतं ते त्याआधी. बोटभर जाडीचा वाखाचा दोर मीटरला साधारण शंभर ग्रॅम भरतो. चाळीस मीटरचे झाले चार किलो. कड्यावर घासत जाणारं हे शेपूट ओढत ती चढणार, आणि वर पोचल्यावर कपारीत न शिरता झाडाभोवती दोनदा फिरणार.

चेष्टेचं म्हणाल, तर चौथीच्या स्नेहसंमेलनात पोतं पांघरून घोरपड मीच झालो होतो. पोवाडा ऐकताना आजही काटा येतो. पण कृष्णाजी अनंत सभासदाची बखर काढून बघा. तिथे १६७० च्या त्या रात्री घोरपड नाहीच. दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढून जातात, वरून माळ सोडतात, आणि तानाजीसकट बाकीचे त्यावरून चढतात. माळ म्हणजे दोराची शिडी. माझी आकडेमोड इथे कुठेच अडत नाही. उलट काळोखात, दोराशिवाय, फक्त बोटांच्या आणि पायांच्या पकडीवर गेलेले ते दोघे मला घोरपडीपेक्षा जास्त थरारक वाटतात. बखरीत त्यांची नावंसुद्धा नाहीत. चेष्टा कोणाची होते, घोरपड नाकारणाऱ्याकडून की या दोघांच्या जागी घोरपड बसवणाऱ्याकडून, यावर मात्र मी तुमच्याशी भांडायला तयार आहे.

मूळ लेखातला वजनाचा परिच्छेद काढून टाकलाय आणि खिळ्याचं श्रेय तुम्हाला दिलंय. घोरपडीला झाडाभोवती दोन वेढे मारायला कसं शिकवायचं, ते सुचलं तर जरूर कळवा.