जुन्या अ‍ॅग्रीवाल्यांनी काय केलं म्हणे? त्या फॉरवर्डला उत्तर

गेला आठवडाभर एक मेसेज पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय, मला तर तीन ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय की सत्तरच्या दशकात बीएस्सी अ‍ॅग्री केलेले लोक कुठेच नंबर लागला नाही म्हणून तिकडे गेले, शिकून शेतात कोणी उतरलं नाही सगळे खुर्चीत बसले, यांनीच युरिया आणून जमिनीचं वाटोळं केलं, नवीन काही शोधलं नाही, आणि आता पंच्याहत्तरीचे केक नि नातवंडांचे फोटो एवढीच यांची अचीव्हमेंट. माझे वडील १९७४ ला शिवाजीनगरच्या शेतकी कॉलेजातून बाहेर पडले. मेसेज वाचून त्यांनी फोन मला परत दिला आणि आत निघून गेले. म्हणून लिहितेय.

नंबर लागला नाही या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. अकरावीपर्यंत मराठीत शिकलेली खेड्यातली पोरं, इथे येऊन सगळी पुस्तकं इंग्रजीत, रात्री डिक्शनरी घेऊन बसायची. कमी मार्कांवर मिळाली असं म्हणण्यासारखी ती पदवी नव्हती.

खुर्चीत बसले, हे मात्र नीट बघू. १९६९ च्या जुलैत १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शेतीला कर्ज द्यायचं ठरलं, पण विहिरीला पाणी लागेल का, मोटर किती एचपीची हवी, द्राक्षबाग कितव्या वर्षी हातात पैसे देते हे बँकेत सांगणार कोण? तिथे ही मुलं गेली. वडील बँकेत अ‍ॅग्री ऑफिसर, राजदूत मोटरसायकलवर दिवसाला चार गावं, सातबारा बघायचा, बांधावर उभं राहून बोलायचं, आणि तोवर ज्या माणसाला सावकाराशिवाय दार नव्हतं त्याचा अर्ज स्वतः भरून द्यायचा. त्यांच्या बॅचचे काही साखर कारखान्यात शेतकी अधिकारी झाले, काही कृषी खात्यात, आणि ७२ च्या दुष्काळातली बांधबंदिस्तीची कामं आधीच्या बॅचच्या लोकांनी उन्हात उभं राहून मोजलीत. हो, स्वतःची शेती करायला फार थोडे परत गेले हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण पाच एकर कोरडवाहू, त्यावर तीन भाऊ, आणि एकाच्या शिक्षणासाठी बैल विकलेला, तिथे त्या एकाने पगार घरी पाठवणं हेच घराने त्याच्याकडून मागितलेलं होतं. आमच्या गावाकडच्या विहिरीचं बांधकाम त्या पगारातून झालंय.

आता युरिया. हा आरोप मला सगळ्यात जास्त लागला कारण तो अर्धवट माहितीवर आहे. त्या काळात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो (तिकडून आलेली लाल ज्वारी) खाल्लेली माणसं अजून आपल्या घरात आहेत, त्यांना विचारा खतं का आली ते. शिफारस नेहमी माती परीक्षण करून नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही द्यायची होती, शेणखतासकट. मग नुसता युरिया का पडला? किमतीमुळे. २०१० मधे केंद्राने बाकी खतांचं अनुदान त्यांत नत्र, स्फुरद, पालाश किती आहे त्यावर ठरवलं पण युरिया त्यातून बाहेर ठेवला, म्हणून आज ४५ किलोची युरियाची गोणी साधारण २६६ रुपयांना आणि डीएपीची, म्हणजे नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेल्या खताची, ५० किलोची १३५० ला. ज्याच्या हातात पैसा कमी तो काय उचलणार?

आणि जमीन खारट होण्याचं म्हणाल तर नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा आहे, काळ्या जमिनीत पाणी बेसुमार, निचरा नाही, खालचं मीठ वर आलं. याच शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मॅन यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर १९१० च्या सुमारास लिहून ठेवलंय, तेव्हा युरिया नावाचं खत आपल्या शेतकऱ्याने पाहिलेलं पण नव्हतं. वडील कर्जाच्या पाहणीला गेले की आधी पाण्याच्या निचऱ्याचा चर कुठे काढलाय ते विचारायचे, लोक वैतागायचे.

काही शोधलं नाही? पुण्यातल्या गणेशखिंडच्या बागेत फळबाग संशोधक डॉ. चीमा यांनी १९३६ ला आळंदी वाणातून निवडलेलं डाळिंब पुढे गणेश म्हणून राज्यभर गेलं, आणि आज एक्सपोर्ट होणारा भगवा डाळिंबाचा वाण त्याच घराण्यातला, राहुरी कृषी विद्यापीठाचा. वेंगुर्ल्यात नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ ला रत्ना आंबा आला. मोहोळची मालदांडी ३५-१ ज्वारी आपण अजून भाकरीत खातोय. अशा प्रत्येक वाणामागे संशोधन केंद्रावर वर्षानुवर्षं रोज सकाळी फुलं मोजणारे, परागीकरण करून पिशव्या बांधणारे पदवीधर असतात, वाणाला त्यांचं नाव लागत नाही. त्यांची नावं मेसेज लिहिणाऱ्याला माहिती नाहीत म्हणून त्यांनी काही केलं नाही असं होत नाही ना.

राहिले केक आणि नातवंडं. मागच्या वर्षी बॅचला ५० वर्षं झाली तेव्हा मी वडिलांना घेऊन गेले होते. केक होता, फोटो पण होते, आणि जे गेले त्यांची नावं वाचताना सगळे उभे राहिले. पण जेवताना त्या टेबलावर विषय होता द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला तर डाऊनी या पानांवरच्या रोगाचं काय करायचं, कारण एका काकांना तासगावहून पुतण्याचा फोन आलेला, आणि चार पंच्याहत्तरीची माणसं जेवण थांबवून त्याला पानाच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगत होती, फोटो आला, मग फवारणी कुठली आणि किती दिवसांनी यावर त्यांच्यातच वाद झाला. वडिलांचा वरणभात गार झाला होता.