पाच मिनिटांचं बक्षीस

आमच्या कॉल सेंटरमध्ये भिंतीवर भला मोठा टीव्ही लागला तेव्हा वाटलं, चला, आयपीएलची सोय झाली. निघाला लीडरबोर्ड! वरची नावं हिरवी, मधली पिवळी, तळातली लाल. कॉल झटपट उरकला की कॉइन्स, आठवडाभर खाडा नाही तर बॅज, ५०० कॉइन्स झाले की कंपनीचा मग.

पहिले पंधरा दिवस मजा आली, खोटं कशाला बोलू. डबा अर्धवट टाकून मी नंबर बघायला यायचे. मग एकेकाला युक्त्या सुचायला लागल्या. किचकट तक्रार आली की दुसऱ्या डिपार्टमेंटला ट्रान्सफर. एका पठ्ठ्याने तर "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" म्हणून फोन ठेवायचं तंत्रच बसवलं. महिनाभर पहिला! आणि माझ्या शेजारची ताई? रिफंड नेमका कुठे दिसेल ते एका आजोबांना वीस मिनिटं समजावत बसली आणि दुपारपर्यंत लाल झाली. त्यानंतर पाणी प्यायला उठली तरी टीव्हीसमोरून जायला नको म्हणून ती मागच्या दाराने वळसा घालून जायची.

कॅलिफोर्नियात डिस्नेलँडच्या हॉटेलांच्या लाँड्रीत असाच स्क्रीन होता. चादरी-टॉवेलांचा वेग कमी पडला की नाव लाल. कामगार त्याला 'इलेक्ट्रॉनिक चाबूक' म्हणायचे. मागे पडू या धास्तीने काहीजण बाथरूमलाही जात नाहीत, असं २०११ साली पेपरात आलं होतं. माणसं तिथली असोत की इथली, लाल रंग सगळ्यांना सारखाच झोंबतो.

एचआर म्हणतं, तुमच्यात खिलाडूवृत्ती नाही. अहो, आहे की! नाइट शिफ्टला आमचा स्वतःचा खेळ होता: रात्रीतल्या सगळ्यात भडकलेल्या गिऱ्हाइकाच्या शिव्या ज्याने खाल्ल्या, त्याला बाकीच्यांकडून कटिंग. ज्याला नको तो बाजूला बसायचा, त्याची कुठे नोंद नव्हती. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलच्या ईथन मॉलिक आणि नॅन्सी रॉथबार्ड यांनी सेल्सवाल्यांवर प्रयोग केला, त्यातही हेच दिसलं. ज्यांनी खेळ मनापासून स्वीकारला त्यांना काम करताना बरं वाटलं, ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांचा मूड उलट आणखी गेला. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

आता नवीन चक्र आलंय, मोबाइलवर फिरवायचं. परवा ताईला बक्षीस लागलं, 'पाच मिनिटं जादा ब्रेक'. टाळ्या झाल्या, फोटो ग्रुपवर पडला. चहाचा ब्रेक गेल्या वर्षी पंधराचा दहा मिनिटांवर आणला होता. ताई हळूच म्हणाली, "माझीच पाच मिनिटं मला लागली गं."