आकाश 'ओपन' होतं म्हणे!

विमान पाडलं कोणी यावर आपण खूप भांडतो. भांडायलाच हवं. पण ते विमान तिथून जाऊच कसं दिलं हे फार कमी लोक विचारतात आणि मला राग येतो तो याचाच.

मलेशिया एअरलाइन्सचं एमएच17 विमान घ्या, मिसाईलने पाडलेलं. 17 जुलै 2014, ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं, 298 माणसं, त्यात 80 मुलं. पूर्व युक्रेनमध्ये लढाई पेटलेली, तीनच दिवस आधी तिथे लष्कराचं एक मालवाहू विमान पाडलेलं. मग युक्रेनने काय केलं, तर 32,000 फुटांखालचं आकाश बंद केलं, वरचं चालू! हे विमान 33,000 फुटांवर होतं, सगळं नियमात, आणि ज्याने ते पाडलं ते 'बुक' नावाचं, जमिनीवरून सोडायचं मिसाईल त्याच्या दुप्पट उंचीवर आरामात जातं. त्या दिवशी तिथून 160 प्रवासी विमानं गेली हो, आणि एमएच17 पडलं तेव्हा आपलं एअर इंडियाचं दिल्ली-बर्मिंगहॅम विमानही त्याच भागात होतं. डच तपास मंडळाने नंतर स्पष्ट लिहिलं की आकाश बंद करायला पुरेसं कारण होतं.

मिसाईल सोडणाऱ्यांचा गुन्हा याने कमी होत नाही, अजिबात नाही. 2022 ला डच कोर्टाने तिघांना जन्मठेप दिली, तीही त्यांच्या गैरहजेरीत, म्हणजे कोणी हाती लागलंच नाही.

बरं, यातून शिकलो का? जानेवारी 2020, तेहरान. इराणने रात्री इराकमधल्या अमेरिकन तळांवर मिसाईल सोडली, आता उलट हल्ला होणार म्हणून स्वतःचीच एअर डिफेन्स बोट ट्रिगरवर ठेवून बसलेली, आणि विमानतळ मात्र चालू!! अमेरिकेने आपल्या कंपन्यांना काही तास आधीच तिथून उडायला बंदी घातली होती, म्हणजे धोका कळत होता. पहाटे युक्रेनचं विमान उडालं, दोन मिसाईल, 176 जीव गेले, आणि तीन दिवस इराण नाहीच म्हणत होता.

आकाश बंद करणं म्हणजे आपला ताबा सुटलाय हे जगासमोर कबूल करणं, शिवाय तिथून विमानं जाण्याची मिळणारी फीही बुडते. मग जो देश लढतोय त्याच्याच हातात हा निर्णय का? गेल्या वर्षी मे महिन्यात, म्हणजे 2025 ला, आपण 32 विमानतळ बंद केले, आणि पाकिस्तान ड्रोन सोडत असताना स्वतःचं आकाश चालू ठेवून प्रवासी विमानांची ढाल करतोय असं आपल्या सरकारनेच सांगितलं होतं.

आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं लंडनला, जर्मनीला आहेत, आईवडील वर्षातून एकदा जातात. तिकिटावर बॅगेचे किलो, जेवण, सीट सगळं असतं, विमान कोणाच्या युद्धावरून जाणार ते नसतं. कंपन्यांनी आपल्या रूटचा जाहीर हिशोब द्यावा असं त्या डच मंडळानेही सुचवलं होतं. मला तो बुकिंग करतानाच हवाय. वळसा घालून दोन तास जास्त लागले, चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत, पण विचारा कंपन्यांना, मेल करा, डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या सरकारी खात्याला, टॅग करा.