कात्रजच्या सहलीबद्दलच्या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू मी सहलीला येणाऱ्या आमच्या सगळ्या ताईंना वाचून दाखवला. इतर पालकांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही शाळांच्या सहली घेऊन जातो आणि मुलांबरोबर आमच्या प्रशिक्षित ताई असतात. तुमची मुलगी पहिलीत आहे. शाळेबरोबर ती पुण्यातल्या कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात आली होती आणि पालक म्हणून तुम्हीही सोबत होतात. तुमचं म्हणणं असं की सकाळभरात मुलांना जेमतेम पाच प्राणी दाखवले, वाघ झोपलेला असूनही तिथेच थांबवलं, हरणांना खाऊ घालू दिला नाही आणि सापांपाशी एका मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या ताईला आलं नाही. पेशवे पार्कातल्या जुन्या प्राणिसंग्रहालयात तुमच्या लहानपणी तासाभरात सगळे प्राणी दिसायचे, असंही तुम्ही लिहिलंय, आणि पैशांचाही विषय काढलाय.

ताईबद्दलच्या तक्रारीचं उत्तर आधी देते, कारण तिच्या कामावर माझा पूर्ण विश्वास आहे. अजगरासमोर मुलाने विचारलं, "साप झोपताना डोळे मिटतो का?" ताई म्हणाली, "बघू या, तुम्हीच सांगा मला." उत्तर येत नव्हतं म्हणून ती असं म्हणाली नाही. ती थांबली आणि तिच्याबरोबर दहा मुलं काचेसमोर थांबली. आधी सगळ्यांनी अजगराचा डोळा पाहिला, मग शेजारच्या मित्राचा. मित्राची पापणी लवते, अजगराची लवत नाही, हे एका मुलीने ओरडून सांगितलं. त्यानंतर ताईने सांगितलं की सापाला पापण्याच नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तो खवलाही कातीबरोबर निघून येतो. लगेच त्याच मुलाचा दुसरा प्रश्न आला, "मग तो झोपलाय हे कळणार कसं?" सहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न सुचावा यासाठीच आम्ही सहली काढतो. ताईने पहिल्याच क्षणी "नाही मिटत" असं सांगितलं असतं, तर मुलं मान डोलावून पुढच्या काचेकडे पळाली असती.

आता पाच प्राण्यांचं. कात्रजचं प्राणिसंग्रहालय सुमारे १३० एकरांवर आहे आणि त्यात तलावही आहे. एवढा सगळा परिसर पहिलीच्या मुलांना एका सकाळी पायी फिरवायचा म्हटलं, तर रांग सांभाळणं आणि "चला, चला" म्हणत राहणं एवढंच आमचं काम उरतं. शेवटी मुलांच्या लक्षात राहतं ते गेटवरचं आइस्क्रीम. म्हणून आम्ही मोजकेच थांबे घेतो आणि शाळेला दिलेल्या पत्रकात ते आधीच लिहून देतो.

हरणांचंच उदाहरण घ्या. मुलं येतात तेव्हा त्यांच्यासाठी सगळीच "हरणं" असतात. आम्ही त्यांना चितळ, सांबर आणि काळवीट यांच्यापाशी निवांत उभं करतो आणि फक्त शिंगांकडे बघायला सांगतो. चितळ-सांबराच्या नरांची शिंगं फांद्यांसारखी फुटलेली असतात, ती ठरावीक काळाने गळतात आणि नवी येतात. काळविटाची पीळदार असतात आणि जन्मभर टिकतात. हा फरक आम्ही आधी सांगत नाही. "कुणाच्या शिंगाला फांद्या आहेत?" एवढंच विचारतो. ज्या मुलाने तो फरक स्वतः शोधला, त्याला पुढे तिसरीत परिसर अभ्यासाच्या पुस्तकात हरणाचं चित्र दिसेल तेव्हा ते कुठलं हरीण आहे असा प्रश्न पडेल. मगरीचंही तसंच. उन्हात जबडा उघडून पडलेली मगर चिडली आहे असंच सगळ्यांना वाटतं. बराच वेळ बघितल्यावर मुलं म्हणतात, "ही तर हलतच नाही." तिथून ऊन, शरीराची उष्णता आणि उघड्या तोंडाने मिळणारा गारवा यांवर बोलता येतं. सहलीनंतर आम्ही शाळेत एक तास घेतो. तुमच्या मुलीच्या वर्गात त्या तासाला कितीतरी मुलांनी उघड्या तोंडाची मगर काढली आणि तिच्या डोक्यावर सूर्य काढला. तो सूर्य काढा असं कुणीही सांगितलं नव्हतं.

पेशवे पार्कची आठवण मलाही प्रिय आहे. सारसबाग, फुलराणी ही छोटी आगगाडी आणि प्राणी असा आमचाही रविवार असायचा. पण तिथे प्राणी पटकन दिसायचे, कारण ते छोट्या पिंजऱ्यात असायचे आणि त्यांना लपायला जागाच नव्हती. ते प्राणी कात्रजला आले ते खंदकांच्या मोकळ्या आवारांत, जिथे झाडं आहेत, सावली आहे आणि माणसांकडे पाठ करून पडून राहता येतं. वाघ दिवसाचा बराच वेळ झोपतो. तो झोपलेला दिसला म्हणजे मुलांना खरा वाघ दिसला. काही पालक वाघाने उठावं म्हणून हाका मारतात, शिट्ट्या वाजवतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण मुलं ते बघून तसंच करायला शिकतात. आमच्या ताई मुलांना झोपलेल्या वाघाचं पोट वर-खाली होताना बघायला लावतात, पट्टे बघायला लावतात आणि प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात हे सांगतात. तेवढ्या वेळात मुलं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात.

खाऊबद्दल आमचा नियम बदलणार नाही. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना खायला घालणं आणि डिवचणं याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३८-जे नुसार मनाई आहे. कायदा नसता तरी मी बिस्किटाचा पुडा हरणांपुढे उघडू दिला नसता. प्रत्येक प्राण्याचा आहार तिथले लोक ठरवून देतात आणि रोज शेकडो मुलं येतात. माझ्या मुलीने एकच बिस्किट दिलं तर काय बिघडलं, असं प्रत्येक पालकाला वाटतं आणि त्यातूनच हरणांची पोटं बिघडतात. त्या दिवशी एक मुलगा खाऊ देता आला नाही म्हणून रडला, हे खरं आहे. ताईने त्याला जवळ घेतलं, कारण समजावलं आणि बाहेर आल्यावर त्याच्याबरोबर बसून डबा खाल्ला.

पैशांबद्दल एवढंच सांगते. आमच्या शुल्कात सहलीआधीचा आणि नंतरचा शाळेतला तास आणि दर दहा मुलांमागे एक प्रशिक्षित ताई धरलेली असते. बस आणि प्रवेशाचं तिकीट शाळा वेगळं घेते. तुम्ही मुलीला स्वतः घेऊन सगळं कात्रज बघाल तर मला आनंदच होईल. वाघ-सिंह तर बघाच, पण सर्पोद्यानाला थोडा जास्त वेळ द्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप पुण्याच्या आसपासच्या मुलांना लांबून ओळखता यावेत, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या गटाबरोबर तुम्ही पुन्हा यावं अशी माझी विनंती आहे. तुमच्याकडून शुल्क घेणार नाही. या वेळी रांगेच्या मागे न थांबता अजगराच्या काचेपाशी मुलांच्या बरोबरीने उभ्या राहा आणि ताई काय विचारतात ते ऐका. शाळेच्या ऑफिसात दिवस कळवा. बुधवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं, तो सोडून कुठलाही चालेल.