‘छू’ म्हणणाऱ्या सज्जनांस

दुष्कृत्य स्वतःच्या हाताने करण्यात शहाणपण नाही. समंजस माणसाने अपप्रेरणेचा मार्ग धरावा. शब्द भारदस्त आहे आणि घडलाही आहे सोज्ज्वळ सामग्रीतून: ‘प्रेरणा’ म्हणजे पुढे लोटणे, तिच्याआधी अपशब्द आणि अपकीर्ती यांतला ‘अप’ जोडला की काम झाले. इंग्रजी कायद्यातला ‘अबेट’ मात्र उघडावाघडा आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या त्या शब्दाच्या मुळाशी चावायला लावणे, कुत्रा अंगावर सोडणे असा अर्थ आहे. आपण ज्याला ‘छू’ म्हणणे म्हणतो, तेच.

तेव्हा आपण फक्त ‘छू’ म्हणावे, चावण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे आणि कोणी विचारलेच तर ‘मी तर नुसता बोललो’ असे सांगून हात वर करावेत.

अडचण एवढीच की, आधी १८६० च्या भारतीय दंड संहितेने आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने या सोयीची पार नासाडी केली आहे. नव्या संहितेच्या कलम ४५ नुसार चिथावणी, कटातील सहभाग आणि हेतुपुरस्सर साहाय्य हे तिन्ही अपप्रेरणेत मोडते, आणि हे साहाय्य कायद्याने बंधनकारक असलेले काम मुद्दाम टाळूनही होऊ शकते. त्यामुळे ठरल्या वेळी फाटकाची कडी काढून ठेवायची आणि सकाळी ‘जरा डोळा लागला’ म्हणायचे, ही पहारेकऱ्याची जुनी युक्तीही गेली. समोरच्याने चावण्यास साफ नकार दिला, तरी खुनाची चिथावणी देणारा दोषीच ठरतो. हे उदाहरण खुद्द कायद्यानेच दिले आहे. गंमत पाहायला तर मुळीच जाऊ नये, कारण गुन्हा घडताना हजर असलेला अपप्रेरक तो गुन्हा स्वतः केल्यासारखाच धरला जातो.

उरला गुन्ह्यानंतरचा परोपकार, म्हणजे पाठीशी घालणे. तिथेही कायद्याचा कद्रूपणा पाहा: गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवण्यासाठी दिलेला निवारा, अन्न, पेय, पैसा, कपडे, वाहन हे सारे ‘आसरा’ या एका शब्दात कोंबले आहे आणि सूट ठेवली आहे ती केवळ गुन्हेगाराच्या पती वा पत्नीला. म्हणून फरार मित्राला घरात घ्यायचेच असेल, तर आधी त्याच्याशी रीतसर विवाह करावा आणि मुहूर्त निघेपर्यंत त्याला पाणीसुद्धा विचारू नये.