ऑफिसला आमचा प्रिंटर ठाऊक नाही

वर्क फ्रॉम होमवाल्यांच्या नशिबी दोन ताप, एक लाइट जाणं आणि दुसरा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा खासगी बोगदा, त्यातल्या त्यात लाइट निदान आपली आपण परत तरी येते. ऑफिस पुण्याला, मी नाशकात इंदिरानगरात, आणि व्हीपीएन जोडला रे जोडला की माझा लॅपटॉप दिसेल ते नाव ऑफिसच्या डीएनएसला, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारत सुटतो, घरच्या प्रिंटरचंसुद्धा. म्हणजे सिडकोतल्या बिऱ्हाडाचा पत्ता हिंजवडीला जाऊन विचारायचा! तिथून उत्तर काय येणार, असं कोणी नाहीच. आणि बाबांना निफाडच्या शेताचा सातबारा नेमका माझ्या मीटिंगच्या वेळीच प्रिंट करून हवा असतो. "अरे तुझ्या पाठीमागे तर आहे, दिवा पण लागलाय, सापडत कसा नाही?" आता काय सांगू.

यावर औषध म्हणजे डीएनएसमास्क, कुठलं नाव कोणाला विचारायचं ते ठरवणारा लॅपटॉपवरचा छोटा प्रोग्रॅम. कंपनीच्या डोमेनची नावं व्हीपीएनमधल्या डीएनएसला विचार, घरची राउटरला, बाकी सगळी 1.1.1.1 या सार्वजनिक डीएनएसला. एकेका डोमेनला एक ओळ, आधी सर्व्हर हा शब्द, मग बरोबरचं चिन्ह, दोन स्लॅशच्या मध्ये डोमेन, पुढे आयपी. संपलं.

छे, कुठलं संपतंय. सुरू केला तर म्हणे पत्ता आधीच वापरात आहे, कारण उबुंटूत त्याचा स्वतःचा डीएनएसवाला, सिस्टमडी-रिझॉल्व्हड, लॅपटॉपच्याच 127.0.0.53 या आतल्या पत्त्यावर डीएनएसचं दार, म्हणजे पोर्ट 53, अडवून बसलेला आणि डीएनएसमास्कला तर सगळ्याच पत्त्यांवर पाय पसरायची सवय. डीएनएसमास्कला बाइंड-इंटरफेसेस ही सेटिंग लिहून 127.0.0.1 वर गप्प बसवला, तर व्हीपीएन क्लायंटने जोडता जोडता रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधली, म्हणजे कोणत्या डीएनएसला विचारायचं ते लिहिलेल्या फाइलमधली, माझी ओळ पुसून स्वतःचा डीएनएस लिहिला, विचारणं नाही की सांगणं नाही. ते बंद करायची सेटिंग अशा ठिकाणी दडवलीय की ज्याने दडवली त्यालाही आता सापडणार नाही.

एवढं करून ऑफिसची विकी, म्हणजे आतल्या माहितीची साइट, उघडेना. लॉग बघितला तर डीएनएस-रिबाइंड हल्ल्याची शक्यता, म्हणजे बाहेरच्या नावाआडून घरातल्या यंत्राचा पत्ता घुसवायची चाल! बाहेरच्या डीएनएसकडून (डीएनएसमास्कच्या लेखी ऑफिस आणि राउटरही बाहेरचेच) 10 किंवा 192.168 ने सुरू होणारा खासगी पत्ता आला की त्याची स्टॉप-डीएनएस-रिबाइंड ही सेटिंग ते उत्तर फेकूनच देते. काम चोख आहे हो तिचं, पण ऑफिसची अख्खी विकी 10 च्या पत्त्यावर आणि आमचा प्रिंटर 192.168 वर, त्यामुळे दोघंही एकाच यादीत संशयित. रिबाइंड-डोमेन-ओके या सेटिंगमध्ये दोघांची डोमेनं लिहून दोघांना सोडवलं.

"काय झालं होतं रे?" बाबांनी विचारलं. म्हटलं, कॉम्प्युटरला वाटलं प्रिंटर हल्ला करतोय.

"हा? याला धड कागद ओढता येत नाही."