हातचा एक

आमच्या कार्यालयाच्या लेखा शाखेत माझे आणि अण्णांचे टेबल एकमेकांना चिकटून आहे. मधल्या फटीत गेल्या नऊ वर्षांत टाचण्यांच्या तीन डब्या, एक रबरी शिक्का आणि माझी मनःशांती पडली. पैकी शिक्का तेवढा सापडला.

अण्णांच्या सगळ्या सवयींचा पंचनामा करण्याचा माझा विचार नाही. ते फोन स्पीकरवर ठेवून गॅसवाल्याशी भांडतात, माझे पेन खिशाला लावून घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी तेच पेन "घ्या, वापरा" म्हणत मोठ्या मनाने मला देतात, आणि डब्यात कारले निघाले की वहिनींवरचा राग माझ्या बटाट्याच्या भाजीवर काढतात. नोकरी म्हटली की एवढे चालायचेच. सोसवत नाही ती गोष्ट एकच आहे: अण्णा बेरीज मोठ्याने करतात.

वास्तविक अण्णांना बेरीज करण्याचे कारणच उरलेले नाही. एक्सेलमध्ये आकडे भरले की बेरीज आपोआप येते. ती आली की अण्णा तक्ता छापून घेतात, कानावरची लाल पेन्सिल उतरवतात आणि उनाड विद्यार्थ्याची वही तपासावी तसे वरून खाली उतरू लागतात. "सात नि आठ पंधरा, पंधरा नि नऊ चोवीस, चोवीस नि सहा तीस. शून्य मांडलं, हातचे तीन." हे तीन विसरू नयेत म्हणून ते टेबलावर तीनदा बोट आपटतात आणि टेबले चिकटलेली असल्यामुळे माझ्या चहाच्या कपातही तीन तरंग उठतात. यंत्राचे उत्तर बरोबर निघाले की अण्णा किंचित खट्टू होऊन "जमलं बुवा त्याला" असे म्हणतात. यंत्र आजवर नापास झालेले नाही, पण अण्णांनी आशा सोडलेली नाही.

पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अगदी साडेतीनच्या पाढ्यांची औटकीसुद्धा, असे अपूर्णांकांचे सगळे पाढे आजोबांनी अण्णांकडून घोकून घेतले होते. या विद्येचा सरकारी नोकरीत उपयोग झाल्याचे मी एकदाच पाहिले. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा सगळेच शनिवार अण्णांविना जाणार म्हणून मी मनातल्या मनात पेढे वाटत होतो. परंतु त्याच आदेशाने रोजची वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 अशी, म्हणजे आमच्यासाठी पाऊण तासाने, वाढली होती. अण्णांनी तो कागद वाचला आणि क्षणाचाही विलंब न लावता, "पाच पाऊणे पावणेचार! आठवड्याला पावणेचार तास जादा बसायचं, राव!" अशी घोषणा केली. त्या पावणेचार तासांत किती बेरजा बसतील, हा हिशेब मी केला नाही.

अण्णा गात असते तर एक वेळ कानाआड करता आले असते. आकड्यांच्या कामात मात्र दुसऱ्याचे आकडे कानांवर पडले की थेट बोटांत उतरतात, आणि त्यातून आपली मराठी संख्यानामे महाबिलंदर. 'बासष्ट' म्हणताना दोन आधी येतात आणि साठ मागाहून. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' तर निम्म्या वाटेपर्यंत हातात हात घालून चालतात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बासष्टला 'साठ दोन' म्हणण्याची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला, तेव्हा अण्णा आठवडाभर धुमसत होते. मी मान डोलावत होतो, पण मनातून फितूर झालो होतो. अण्णा 'साठ दोन' म्हणू लागते, तर निदान माझ्या देयकात कोणता आकडा घुसला हे तरी कळले असते.

कारण तो घुसलाच. एका लिपिकाच्या प्रवासभत्त्याचे 1,859 रुपयांचे देयक मी करत होतो. अठराशेपर्यंत सुखरूप पोहोचलो आणि पलीकडून खणखणीत "एकोणसत्तर!" आले. मी 1,869 लिहून मोकळा झालो. अक्षरी रक्कम लिहिताना अण्णा तंबाखू मळायला बाहेर गेले होते, त्यामुळे ती तेवढी बरोबर आली. अंकी आणि अक्षरी रक्कम जुळत नाही, असा आक्षेप लागून देयक कोषागारातून परत आले. अण्णांनी ते पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि अत्यंत मायेने म्हणाले, "दहाचा फरक आहे. तुमचा हातचा एक चुकला. मोठ्यानं म्हणत जा, चुकत नाही."

त्यानंतर मी कापसाचे बोळे वापरून पाहिले, तर साहेबांनी मारलेली हाकही ऐकू आली नाही. नेटवर शोधता, विशिष्ट आवाजांनी होणाऱ्या या तडफडीला 2001 साली जॅस्ट्रेबॉफ दांपत्याने 'मिसोफोनिया' असे नाव दिल्याचे कळले आणि फार बरे वाटले. मात्र या कारणासाठी वैद्यकीय रजा मागण्याचा धीर झाला नाही. अखेर एका दुपारी, बटाट्याची भाजी आपण होऊन त्यांच्यापुढे सरकवून, मी विषय काढला. अण्णा ओशाळले. "अहो, आधी नाही का सांगायचं!" म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी मनात बेरीज करायला सुरुवात केली.

आता फक्त ओठ हलतात. लाल पेन्सिल खाली सरकते, शाखेत शांतता असते, पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येते, आणि मग केव्हातरी, रकाना संपल्याच्या आनंदात भान सुटून, ते एकदम ओरडतात, "हातचा एक!" तो केव्हा येईल याचा नेम नसतो. कधी दोन मिनिटांत येतो, कधी वीस मिनिटे येत नाही. आज सकाळपासून चार आले आहेत. मार्चअखेर असल्याने अण्णांपुढचा तक्ता चांगला लांबलचक आहे, पेन्सिल तळाशी पोहोचली आहे, ओठ थांबले आहेत, आणि मी हातातले पेन टेबलावर ठेवून वाट पाहत बसलो आहे.